जपान : शिरूरमार्गे दौंड

पोस्टकार्ड शेवटपर्यंत वाचावं आणि कडेला आडवं काही लिहिलेलं असेल तर मान वाकडी करून तेही वाचावं, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी शिरूरला एका कुलपासमोर उभं राहून कळलं. कुलूप मामांच्या दाराला होतं. माझ्या काखेत चादरीत गुंडाळलेलं एक चित्र होतं. आणि मामा, मामी, माझी बायको आणि मामांचा उरलेला एकुलता एक डोळा अशी सगळी मंडळी त्या वेळी नदीपलीकडे दौंडला होती.

पण प्रवासवर्णन निघाल्यापासून सांगायचं असतं, आणि निघण्याआधी ते चित्र सांगितलं पाहिजे.

मामा म्हणजे आमच्या हिचे मामा. शिरूरच्या शाळेत त्यांनी उभा जन्म चित्रकला शिकवली. आमच्या लग्नात सगळ्या नातेवाइकांनी भांडी दिली, मामांनी एक जपानी चित्र दिलं. लाकडाच्या ठशांनी कागदावर छापलेलं. तरुणपणी पुण्याच्या जुन्या बाजारात त्यांना ते सापडलं होतं. त्यात एक तळं आहे. पलीकडे डोंगर, अलीकडे एक झाड, मधोमध होडी. होडीत गवताची मोठी टोपी घातलेला एकटाच माणूस, आणि त्यानं वल्हं पाण्याबाहेर उचलून धरलेलं. वरचं आकाश गडद निळं, ते खाली येता येता फिकट होत गेलेलं, आणि डोंगराच्या कडेला गुलाबी रंगाची एक पट्टी. पिकल्या पेरूच्या आतला असतो, तो गुलाबी. मामा म्हणायचे, "संध्याकाळ आहे. माणूस दमलाय, घरी निघालाय. त्या गुलाबीत त्याचं घर आहे."

पाणी मात्र इतकं निश्चल की जे वर ते खाली. डोंगराखाली डोंगर, झाडाखाली झाड, माणसाखाली माणूस. याचा परिणाम असा झाला की लग्नानंतर मी ते भिंतीवर उलटं टांगलं. चार दिवस येणारा-जाणारा "वा, किती शांत" म्हणून गेला. पाचव्या दिवशी ही केर काढता काढता म्हणाली, "गडद माणूस खाली आणि फिकट वर. सावली कधी माणसाच्या डोक्यावर बसते का?" मग तिनं फ्रेमच्या वरच्या कडेला स्वतः खिळा ठोकला आणि त्याला सुतळी बांधली. सुतळी ती वरची बाजू, असा आमच्या घरातला नियम झाला.

ही चूक चार दिवसांची. दुसरी नऊ वर्षांची. चित्राला उजेड हवा, असं कुठंतरी वाचून मी ते पूर्वेच्या खिडकीसमोर लावलं. ही म्हणाली, "उन्हात पापड ठेवतात." मी हसलो. रोज सकाळी सातला ऊन यायचं, चित्रावर पसरायचं आणि ऑफिसला जाणाऱ्या माणसासारखं साडेनऊला निघून जायचं. जाताना थोडा थोडा गुलाबी घेऊन जात असावं. नवव्या वर्षी पाहिलं तर पेरू आतून पांढरा निघाला.

आणि नेमकं तेव्हाच मामांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर मामीचं, सांगणं मामांचं. डावा डोळा तर केव्हाच गेला, आता उजव्यात मोतीबिंदू पिकला आहे. शिबिरात काढून घेतो. शुक्रवारी सकाळी दहाला पट्टी सुटेल. सुटली की पहिलं ते चित्र बघायचं आहे. त्यातला गुलाबी रंग रोज आठवतो, जावईबापूंना चित्र घेऊन यायला सांगणे.

पत्राचा मजकूर इथं संपला, निदान माझ्यापुरता. ही सोमवारीच मामीच्या मदतीला पुढे गेली. कुठं गेली, हे विचारायची मला गरज वाटली नाही. मामा शिरूरला राहतात, त्यांचा डोळाही शिरूरलाच असणार. जाताना ती एवढंच म्हणाली, "गुरुवारी निघा, आणि चित्र जपून आणा." म्हणून मी गुरुवारी दुपारी पुण्याच्या स्टँडवर शिरूरच्या गाडीत बसलो.

चादर पांढरी, आकार फोटोचा, आणि मामांना काय तोंड दाखवायचं या काळजीनं चेहराही शोभेसा. गाडीत शिरल्याबरोबर लाल फेट्याचे एक गृहस्थ उठले आणि खिडकीची जागा त्यांनी मला दिली. इतकी माणुसकी मला एस.टी.त आधी कधी भेटली नव्हती.

"बसा," ते म्हणाले. "कुनाचा फोटू?"

"मामांचा आहे," मी म्हणालो. चित्र मामांचं, या अर्थानं.

"सख्खं?"

"बायकोचे."

"चालायचंच. कवा झालं?"

"गेल्या आठवड्यात," मी म्हणालो. मला वाटलं, डोळ्याचं विचारतायत. "उद्या सकाळी दहाला पट्टी सुटेल."

गाडी वाघोलीपर्यंत पोचली तरी ते विचार करत होते. मग हळूच म्हणाले, "म्हंजी हायेत अजून?"

"आहेत की."

"आन् फोटू आदीच करून ठिवला." त्यांनी पलीकडच्या बाईंकडे पाहिलं. "पुन्याची मान्सं लई पुढचं बगत्यात."

आता उलगडा करणं भाग होतं. मी चादरीची गाठ सोडून चित्र दाखवलं. अर्धी गाडी वाकली. बाई म्हणाल्या, "कोनचं धरन म्हनायचं हे?" मागच्या बाकावरून आवाज आला, घोडचं. दुसऱ्यानं ते खोडून काढलं, घोडच्या धरणाला असा डोंगर न्हाई. मी जपानचं म्हणून सांगितलं, पण तो खुलासा कुणालाच पटला नाही. तिकडं इतकी लांब कुणी धरण बघायला जाईल, हे शक्य नव्हतं. फेटेवाले मात्र बराच वेळ बघत राहिले. "काय बी म्हना," ते म्हणाले, "गडी निवांत हाय." शिक्रापूरला त्यांनी मला चहा पाजला आणि रांजणगावला उतरताना "मामाला जपा" म्हणून बजावलं.

शिरूरला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. स्टँडपासून मामांचं घर वीस मिनिटांवर. तिथं ते कुलूप.

शेजारच्या ओट्यावर एक माणूस उकिडवा बसून पत्र्याच्या पाटीवर अक्षरं रंगवत होता. हा गंगाराम पेंटर. मामांचा विद्यार्थी, त्यांचा शेजारी, आणि शिरूरमधल्या निम्म्या दुकानांची नावं त्याच्या हातची. त्यानं वर न बघता विचारलं, "पुन्याचं पाव्हनं का? सुमाताईचं मालक?"

"हो. मामा कुठं आहेत?"

"दौंडला."

"दौंडला का?"

आता त्यानं वर पाहिलं. "शिबिर दौंडला हाय म्हनून. मामींनी कार्ड टाकलं न्हवतं?"

मी खिशातून कार्ड काढलं. कडेला, तिकीट चिकटवतात त्याच्या अंगानं, मुंगीएवढ्या अक्षरात आडवं लिहिलेलं होतं : शिबिर दौंड येथे, स्टेशनजवळच्या शाळेत, गाडीनं सरळ उतरावे.

गंगारामनं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला. "असू द्या," तो म्हणाला. "निम्मा जिल्हा बगून झाला तुमचा."

दौंडकडची शेवटची गाडी निघून गेली होती. सकाळच्या गाडीनं जावं तर ती पोचणार दुपारी. दहाला मामांची पट्टी सुटणार, ते चित्र मागणार, आणि चित्र शिरूरला. मी ओट्यावर बसकण मारली. गंगाराम म्हणाला, "बसून काय व्हायचं न्हाई. दुधाची गाडी हाय पहाटंची. नदीपतोर सोडंल. फुडं नाव."

त्या रात्रीचं जेवण या प्रवासातली सगळ्यात चांगली गोष्ट. गंगारामच्या मंडळींनी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरमागरम पेय) असा बेत केला. दोन वाट्या माडगं पोटात गेल्यावर माणूस खरं बोलतो. मी गंगारामला गुलाबीची सगळी हकीकत सांगितली.

"एवढंच व्हय?" तो म्हणाला. "गुलाबी हाय की आपल्याकडं. इलेक्शनचा शिल्लक हाय."

कंदील जवळ घेऊन आम्ही चित्र काचेबाहेर काढलं. कोपऱ्यात त्याचे डबे मांडलेले होते. इलेक्शनचा गुलाबी, विहाराच्या पाटीचा निळा, सोसायटीचा हिरवा. त्यानं गुलाबीत थोडा पांढरा घोटला आणि बोटाच्या नखावर लावून मला दाखवला. हुबेहूब पेरू. मला इतका आनंद झाला की मामांशी उद्या काय बोलायचं, तेही मी मनात जुळवून टाकलं. गंगारामनं सगळ्यात बारीक ब्रश घेतला, भिजवला, डाव्या हातानं उजव्या मनगटाला आधार दिला आणि डोंगराच्या कडेवर ब्रश आणून थांबला.

तो थांबला तो थांबलाच. मी श्वास धरला होता, तो सोडून परत धरला.

"पाव्हनं," तो म्हणाला, "न्हाई जमायचं."

"का?"

"मी मोठमोठाल्या पाट्या रंगीवल्या. दुकानाची पाटी कशी, रस्त्यावरच्या मानसानं हिकडं बगावं म्हनून ती वरडाया पायजे. हे वरडतच न्हाई. हितं माजा रंग टेकला की ते पानी हालंल."

"कुणाला कळणार आहे?"

"सरांना," तो म्हणाला आणि ब्रश पुसला. "शाळंत मी आंब्याला जादा रंग फासला तवा सरांनी कान धरला व्हता. म्हनले, गंग्या, आंबा झाडावर हाय, बाजारात न्हाई. तो कान अजून दुकतो." त्यानं चित्र परत काचेखाली सरकवलं आणि फ्रेम बंद केली. "खरं सांगून टाका. तुमी मास्तरांचं जावई हाय, विद्यार्थी न्हाई. तुमचा कान न्हाई धरायचं ते."

पहाटे दुधाची गाडी आली. रिकाम्या कॅन वाजत होत्या आणि त्यांच्यामधे मी चित्र पोटाशी धरून बसलो होतो. न्हावरा कधी गेलं ते कळलं नाही. थंडी अशी की ओठ हलत नव्हते. ड्रायव्हरनं मला नदीच्या उतारावर (पाणी ओलांडायच्या जागी) सोडलं, बोटानं एक दिशा दाखवली आणि गाडी फिरवली. त्या दिशेला काहीच नव्हतं. पांढरं होतं नुसतं.

भीमा नदी धुक्यात होती. धुक्यातून एक होडी आली आणि तिच्यातून डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक म्हातारे उतरले. सगळे त्यांना आबा म्हणतात असं त्यांनीच सांगितलं. "काखंत काय हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, चित्र. "मंग बसा. शेळी असली तर दोर धरावा लागतो."

उतारू मी एकटाच. काठ मागे गेला. मग काठ दिसेनासा झाला. मग आबांनी वल्हं पाण्यातून वर काढलं आणि तसंच हातात धरून बसले. होडी थांबली. वल्ह्यावरून थेंब पडत होते, तेही थांबले.

मी थोडा वेळ वाट पाहिली. "आबा, दमलात का?"

"गप ऱ्हावा."

मी गप्प राहिलो. इतका गप्प मी ऑफिसातसुद्धा साहेबांसमोर नव्हतो. वर निळं, खाली निळं, मधे दुधासारखं. कुठलंच टोक दिसत नव्हतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की हे मी पाहिलेलं आहे. नऊ वर्षं रोज, दात घासताना. मी हळूच चादर सोडली आणि चित्र मांडीवर घेतलं. होडी डुगडुगली.

"पाव्हनं, हलू नगा," आबा म्हणाले. मग त्यांचीही नजर चित्रावर गेली. "ह्यो कुठला?"

"जपानचा."

"तिकडं बी धुकं पडतं म्हना की."

"संध्याकाळ आहे त्यात," मी मामांचं पाठांतर म्हणून दाखवलं. "दिवसभर काम करून दमलाय, म्हणून थांबलाय."

आबांनी चित्र जवळ घेतलं, लांब धरलं. "दमलेला मानूस वल्हं मांडीवर ठिवतो," ते म्हणाले. "ह्यानं उचलून धरलंय. ह्यो दमला न्हाई. ऐकतोय."

"काय ऐकतोय?"

"काठ. आता मी काय करतोय? पल्याड पान्याचं इंजान चालतं, पाटलाच्या मळ्यात. त्याच्या सुमारानं जायचं. धुक्यात डोळं काय कामाचं? पर वल्हं पान्यात आसलं की पान्याचाच आवाज येतो, मंग काठ ऐकू येत न्हाई. म्हनून वल्हं वर." ते पुन्हा गप्प झाले. मीही कान दिला. खूप वेळानं, अगदी लांबून, उजवीकडून, टुक टुक टुक असा बारीक आवाज आला. आबांनी वल्हं पाण्यात टाकलं. "गावला," ते म्हणाले.

मी आकाशात गुलाबी शोधत होतो. काठ लागेपर्यंत शोधला. कुठंच नव्हता, आणि नसल्याचं काही वाटतही नव्हतं.

एवढ्या शांततेनंतर माझ्या हातून काहीतरी होणारच होतं. उतरताना चिखलात पाय रुतला, मी तो जोरानं उपसला, आणि चपलेचा अंगठा आत राहिला. दौंड अजून बरंच लांब. आबांनी विचारलं, "दोरी हाय का?" मी इकडे तिकडे पाहिलं आणि फ्रेमच्या मागची सुतळी ओढली. ती खिळ्यासकट हातात आली. खिळा नदीला अर्पण करून सुतळीनं मी चप्पल पायाला बांधली. आबा म्हणाले, "आता कसं, नवरदेव दिसताय."

पुढचा रस्ता उसाचा. एका ट्रॅक्टरवाल्यानं मला ट्रॉलीत उसावर बसवून चौफुल्यापर्यंत आणलं. वाटेत गुऱ्हाळावर थांबून त्यानं पळसाच्या पानावर गरम काकवी (गूळ होण्याआधीचा पाक) दिली, ती थोडी मी खाल्ली आणि थोडी सदऱ्यानं. चौफुल्याला एस.टी. मिळाली. पाटस गेलं. दौंडला उतरलो तेव्हा स्टेशनच्या घड्याळात दहाला दहा कमी होते.

शाळेच्या वर्गांतली बाकं बाहेर काढून ठेवली होती आणि आत ओळीनं म्हातारी माणसं निजली होती. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, म्हणजे डोकं हलू नये. एवढ्या माणसांची खोली आणि आवाज नाही. खिडकीतून ऊन आत आलं होतं, तेही बिचारं पाय न वाजवता. फळ्यावर कुणीतरी लिहिलेलं गणित तसंच होतं.

ही दारातच उभी होती. तिनं माझ्या सदऱ्यावरची काकवी पाहिली, केसांतलं उसाचं पाचट पाहिलं, चपलेची सुतळी पाहिली.

"कडेचं वाचलं नाहीत ना," ती म्हणाली.

मामा भिंतीकडेच्या गादीवर होते. मामी उशाशी. डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते. पट्टीचा शेवटचा वेढा काढता काढता त्यांनी सांगितलं, "आजोबा, आज फक्त उजेड बघायचा. बाकीचं महिन्यानं, चष्मा लागल्यावर."

"मला उजेडच बघायचाय," मामा म्हणाले. त्यांनी डोळा उघडला. पाणी आलं, मामीनं हलक्या हातानं टिपलं. मामांनी छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग हिच्याकडे.

"सुमे, जाड झालीस की मला तशी दिसतेस?"

"तशी दिसते," ही म्हणाली.

"जावईबापू आले का? आणलंय?"

मी चादर सोडली. चित्र दोन्ही हातांनी छातीसमोर धरून मी त्यांच्या पायथ्याशी उभा राहिलो. ही खिडकीसमोरून बाजूला झाली, तसं सगळं ऊन चित्रावर आलं.

मामा बघत राहिले. गंगाराम ब्रश धरून थांबला होता तितका वेळ गेला, आबा थांबले होते तितका गेला. मी वाट बघत होतो.

"गुलाबी कुठं गेला?" मामांनी विचारलं.

वाटेत मनात जुळवलेलं सगळं विसरलो. "उन्हानं गेला, मामा. मी पूर्वेच्या खिडकीसमोर लावलं होतं. ही नको म्हणत होती."

"किती दिवस?"

"नऊ वर्षं."

"रोज सकाळी ऊन पडायचं?"

"रोज."

मामी माझ्याकडे बघत होत्या. डॉक्टर दुसऱ्या गादीकडे गेले होते. मामांचा तो एक डोळा चित्रावरून हलला नाही.

"मग बरोबर आहे," मामा म्हणाले. "नऊ वर्षं रोज सकाळचं ऊन खाल्लेलं चित्र संध्याकाळचं कसं राहील? पहाट झाली ती." मग ते म्हणाले, "इतकी वर्षं मी त्या माणसाला घरी पाठवत होतो. तो तर आत्ता निघालाय."

काहीतरी बोलायचं म्हणून मी नदीची गोष्ट सांगितली. धुकं, आबा, उचललेलं वल्हं, इंजिनाचा आवाज. माणूस दमला नाही, ऐकतोय, हेही सांगितलं.

"ऐकतोय?" मामांनी विचारलं. मग त्यांच्या गालाची कातडी हलली. "अरे, आठ दिवस मी इथं दुसरं काय करतोय? भांडं वाजलं की मामी. चप्पल वाजली की डॉक्टर. स्टेशनात गाडीची शिटी झाली की वाटायचं, आले जावईबापू." आणि ते हसायला लागले.

"आजोबा, हसायचं नाही," नर्स लांबून म्हणाली. "डोकं हलतंय."

मामांनी हसणं थांबवलं. पोट मात्र बराच वेळ हलत होतं. मग त्यांनी डोळा मिटला आणि मला सांगितलं, "न्या परत. होतं तिथंच लावा. खिडकीसमोर. अजून थोडं उजाडू दे."

रविवारी मामा-मामींना निरोप देऊन आम्ही दुपारच्या पॅसेंजरनं पुण्याला निघालो. हिनं पिशवीतून भाकरी आणि खर्डा काढला. चित्र माझ्या मांडीवर होतं. बाहेर उसाची शेतं मागे जात होती आणि मी फार खुशीत होतो. तीन दिवसांत मी शिरूर, भीमा नदी आणि दौंड एवढं पाहिलं होतं, तेही सरळ गाडीनं येणाऱ्या माणसाला दिसत नाही असं. पत्र नीट वाचलं असतं तर गंगाराम भेटला नसता, आबा भेटले नसते, आणि त्या टोपीवाल्याला मी अजून दमलेलाच समजत बसलो असतो. हे सगळं मी हिला समजावून सांगितलं. मग मामांवर आलो.

"नजर म्हणतात ती ही," मी म्हणालो. "एक डोळा, त्यातही चष्मा नाही, पट्टी सुटून पाच मिनिटं झालेली. आणि माणसानं संध्याकाळ आणि पहाट यातला फरक ओळखला. चित्रकाराचा डोळा आहे तो. आपल्याला जन्मात जमायचं नाही."

भाकरीचा तुकडा मोडून तिनं माझ्या हातात दिला. केडगाव गेलं. यवत आलं, गाडी थांबली, सुटली. तिनं फडक्याची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि माझ्या मांडीवरच्या चित्राकडे पाहिलं. मग चपलेच्या सुतळीकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी चित्र तुम्ही उलटं धरलं होतंत."

मी चित्र उचलून पाहिलं. वर माणूस, खाली माणूस. गडद कुठला आणि फिकट कुठला, ते नऊ वर्षांच्या उन्हानंतर मला अजूनही सांगता येत नव्हतं. "मग तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारलं.

तिनं चित्र माझ्या हातातून घेतलं, फिरवून सरळ केलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"मामा बघत होते," ती म्हणाली.